कपाटाची किल्ली

ताई, सलाम.
मी सोलापूरचा, वय २९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. चार वर्षांपासून आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. काम हातात घेतलं तेव्हा शनिवारच्या सभेला ३५ पोरं-पोरी असायच्या, आता ९ येतात. गाणी मीच बसवतो, बायबलचं वचन मीच सांगतो, खुर्च्याही मीच लावतो. कमिटीतले वडीलधारे म्हणतात, ड्रम बंद करा, हे चर्च आहे की ऑर्केस्ट्रा? पोरं म्हणतात, पलीकडच्या फेलोशिपमध्ये बँड आहे, लाइट्स आहेत, आपल्याकडे काय आहे? निम्मी पोरं पुण्याला गेली. रात्री अकरा-बाराला मुलामुलींचे मेसेज येतात, कुणाचं प्रेमप्रकरण, कुणाच्या घरची भांडणं. गेल्या आठवड्यात एक १७ वर्षांचा मुलगा, बारावीत नापास झालेला आणि पुरवणीतही राहिलेला, सभा संपल्यावर म्हणाला, "दादा, जगून तरी काय करायचं?" मी त्याच्याबरोबर प्रार्थना केली आणि त्याला घरी पाठवलं. या शनिवारी तो आला नाही. माझी स्वतःची प्रार्थना कोरडी पडली आहे. आई म्हणते, तुझं लग्न चर्चशीच लावून दिलंय का? नाताळच्या आधी राजीनामा देऊ का?
— थकलेला सेक्रेटरी

सलाम भाऊ. तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

३५ चे ९ झाले हे तू पहिल्या दमात लिहिलंस, आणि 'जगून काय करायचं' म्हणणारा मुलगा ड्रम, बँड, पुणे सगळ्यांच्या मागून आला. माझ्या उत्तरात तो पहिला. बाकीच्यांना थांबू दे.

प्रार्थना केलीस, बरं केलंस. पण त्याला एकट्याला घरी पाठवलंस, तिथे चुकलास. त्या क्षणी भल्याभल्यांना सुचत नाही, त्यामुळे स्वतःला कोसत बसू नकोस, पण पुढच्या शनिवारचीही वाट बघू नकोस. आज कारखान्यातून सुटलास की गाडी सरळ त्याच्या घराकडे वळव. 'सभेला का नाही आलास' हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. त्याला घेऊन कुठेतरी चहाला बस आणि सरळ विचार, "त्या दिवशी तू जे बोललास, ते जीव द्यावासा वाटतो म्हणून बोललास का?" असं विचारलं तर नसलेला विचार पोराच्या डोक्यात शिरेल, अशी भीती आपल्याकडे सगळ्यांना असते. तसं होत नाही. मानसिक आरोग्यात काम करणारे हेच सांगतात, की स्पष्ट विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण तोवर तो शब्द ते एकटेच घेऊन फिरत असतात.

तो 'हो' म्हणाला, किंवा नुसता गप्प राहिला, तरी त्याला एकटं सोडू नकोस. घरातल्या मोठ्या माणसाला त्याच संध्याकाळी सांग. तो म्हणेल, "दादा, पप्पांना नको." कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस. "मी तुझ्या शेजारी बसेन, आपण दोघं मिळून सांगू" एवढंच म्हण. घरातल्या गोळ्या, विषारी औषधं काही दिवस कुलपात ठेवायला सांग. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन तू लावून दे आणि मग त्याच्या हातात दे, नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवून कुणी फोन करत नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे त्याच्याबरोबर जा, केसपेपर तू काढ. प्रसंग हातघाईचा वाटला तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं किंवा ११२ लावायचा.

आणि कृपा करून कुणीही, पाळकसाहेबांनीसुद्धा, त्या पोराला 'तुझा विश्वास कमी पडला' असं म्हणू नये. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्यानेही झुडपाखाली बसून मरण मागितलं होतं. देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं. बोलणं त्यानंतर झालं, तेही दूर डोंगरावर पोचल्यावर.

आता तुझं.

मी १९८१ ते १९८८ तरुण संघाची चिटणीस होते. पेटी, तबला, गीतांची पुस्तकं आणि हजेरीची वही एका लोखंडी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. दर शनिवारी सगळ्यांच्या आधी मी, सगळ्यांच्या नंतर मी. त्याचा मला केवढा अभिमान! मग एका पावसाळ्यात मला कावीळ झाली. पाच आठवडे अंथरुणावर होते. ऊसाचा रस आणि पथ्याचं जेवण घेत रोज वाटायचं, पोरं काय करत असतील माझ्याविना? सहाव्या शनिवारी जाऊन बघते तर कळलं, पाच आठवडे सभाच झाली नव्हती. किल्ली माझ्याकडे होती. ती मागायला कुणी आलं नव्हतं.

घरी येऊन मी रडले. आधी पोरांवर चिडून आणि नंतर, खरं सांगायचं तर, शरमेने. सात-आठ मिनिटांवर राहणाऱ्या वीस-बावीस जणांपैकी एकालाही वाटलं नाही की ही सभा आपली आहे. ती माझी होती, ते येऊन बसत होते. प्रेक्षक घरी परत जातात, त्याचं नवल कसलं?

तुझ्या पत्रात 'मीच' तीनदा आलंय. मोजून बघ.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा अठरावा अध्याय तू शंभरदा वाचला असशील. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि सासरा इथ्रो येऊन म्हणतो की हे बरं नाही, अशाने तू झिजशील आणि तुझ्याबरोबरचे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, मोठं प्रकरण तेवढं तुझ्याकडे येऊ दे. (सासऱ्याचं मुकाट ऐकणारा जावई म्हणूनही तो अध्याय वाचण्यासारखा आहे.) आपण या गोष्टीतून नेहमी 'मोशे दमला होता' एवढंच काढतो. पण इथ्रो लोकांबद्दलही बोलतो. दिवसभर रांगेत उभे राहून तेही झिजत होते. तुझी ती ९ पोरं तुझ्या थकलेल्या तोंडाकडे दर शनिवारी बघतात, त्यांनाही ते जड जात असेल.

तर मी काय केलं? आमच्यात एक अबोल मुलगी होती. आई बिड्या वळायची, ही शाळा सांभाळून हाताखाली पानं कापून द्यायची. सभेत एक शब्द बोलायची नाही. मी तिला किल्ली आणि हजेरीची वही दिली. दोन महिन्यांनी वही उघडून बघितली तर तिने स्वतःच एक रकाना वाढवला होता. मी नुसतं 'गैरहजर' लिहायची. ती कारण लिहायची. 'दुसरी पाळी.' 'आई आजारी.' 'चप्पल नाही.' 'भावाशी भांडण, तो येतो म्हणून ही येत नाही.' जानेवारीतल्या एका शनिवारी तर पानभर एकच शब्द होता, 'गड्डा'. सिद्धेश्वराची जत्रा भरली असताना सभा ठेवणारी मी शहाणी!

सात वर्षांत मी जेवढी वचनं सांगितली असतील, त्यापेक्षा जास्त त्या रकान्याने मला शिकवलं. 'दुसरी पाळी' इतक्यांदा आली की आम्ही सभा रविवारी उपासनेनंतर लगेच घ्यायला लागलो. तेव्हा लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा अर्ध्या गावाचं घड्याळ होता. 'चप्पल नाही' याचं काय केलं ते सांगत नाही, ते पोर आता आजोबा झालंय आणि हे सदर वाचतं.

तुझ्याकडे मिल नाही, पण पाळ्या आहेतच. कुणी हॉस्पिटलात नर्सिंगच्या नाइटला, कुणी गारमेंटमध्ये, कुणी डिलिव्हरीच्या गाडीवर, कुणी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डोकं घालून. शिवाय सोलापुरात राहून तू पाण्याचा हिशेब धरला नसशील तर कमाल आहे. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येतं, ते नेमकं शनिवारी संध्याकाळी आलं तर कुठली पोरगी घागरी सोडून सभेला येणार? भागाभागाचे पाण्याचे वार लिहून काढ आणि हजेरीशेजारी ठेव. मला वाटतं, काही 'थंड पडलेले तरुण' निव्वळ बादल्या भरत असतील.

त्या वहीसारखंच एक काम तुला देते. गळालेल्या २६ जणांची नावं एका कागदावर लिही आणि प्रत्येकापुढे तो आज कुठे आहे ते लिही. तू आकडा लिहिलास, माणसं कुठे गेली ते 'निम्मी पुण्याला' एवढ्यात उरकलंस. लग्न होऊन गेलेल्या मुली असतील. फेलोशिपमध्ये गेलेले असतील. रागावून घरी बसलेले दोघं-तिघं असतील, ते शोध. त्यांच्याकडे मीटिंगचं निमंत्रण घेऊन जाऊ नकोस, तू काहीतरी चुकला असशील तर ते ऐकायला जा. अकाउंट्सचा माणूस आहेस, नावं न बघता नुसत्या बेरजेवर सही करत नाहीस ना?

पुण्याला गेलेल्यांना गळती समजू नकोस. सोलापूरच्या पोरांना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसावंच लागतं, नोकऱ्या तिकडे आहेत. अडीचशे किलोमीटरवर, हिंजवडीच्या कुठल्यातरी खोलीत चौघांत राहणारं पोर पहिल्या रविवारी कुठल्या चर्चमध्ये जातं, जातं की नाही, हे कुणी विचारतं का? आमच्या वेळी मुंबई होती आणि आम्हीही विचारलं नाही, ती खंत आहे. जाणाऱ्यासाठी निघण्याआधीच्या रविवारी मंडळीत उभं करून प्रार्थना कर, पाळकसाहेबांकडून तिथल्या मंडळीच्या पाळकांना पत्र दे आणि आधी गेलेल्या एखाद्याचा नंबर दे. महिन्याभराने एक फोन. तुझ्या संघाचं काम तुझ्या हॉलच्या भिंतीत मोजलंस तर नेहमीच तोटा दिसेल.

ड्रमचं प्रकरण तुला वाटतं तेवढं मोठं नाही. जे आजोबा आज हातातली काठी आपटून 'ऑर्केस्ट्रा' म्हणतात, ते १९७० मध्ये, नोव्हेंबरच्या २९ तारखेला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा, वीस-बावीस वर्षांचे असतील. त्यांच्या वेळच्या वडीलधाऱ्यांना तो बदल किती पचला होता ते त्यांनाच विचार, अजूनही बोलता बोलता त्यांच्या तोंडून 'आपलं अमेरिकन मिशन' निसटतंच. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ज्या गीतांसाठी ते अडून बसतात, ती अभंगाच्या वळणाची गीतं सव्वाशे वर्षांपूर्वी नवीच होती. पण हा मुद्दा कमिटीत मांडू नकोस! मुद्दा जिंकशील आणि ड्रम जाईल. त्याऐवजी पोरांना घेऊन एका संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि म्हण, आजोबा, तुमच्या काळातली एक जुनी चाल आम्हाला शिकवा. ती नीट बसवा, तबल्यावर, आणि पुढच्या उपासनेत म्हणा. ड्रम महिनाभर गोणपाटाखाली राहिला तर काही बिघडत नाही. माझा अनुभव असा, की म्हाताऱ्या माणसांचा राग आवाजावर कमी असतो, आपल्याला कुणी विचारत नाही यावर जास्त. हां, एखादे आजोबा खरंच खडूस असतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे उपाय नाही.

फेलोशिपच्या लाइट्सशी स्पर्धा करू नकोस, त्यांच्याबद्दल वेडंवाकडंही बोलू नकोस. तिकडे गेलेल्या एखाद्याला विचार, पहिल्यांदा कसा गेलास? बहुतेक जण सांगतील की कुणीतरी गाडीवरून घ्यायला आलं होतं.

रात्रीच्या मेसेजबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. रात्री अकराला एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीचं प्रेमप्रकरण तू तुझ्या फोनवर, तिच्या घरात कुणाला माहीत नसताना ऐकतोस. तुझ्या मनात पाप नाही हे मला मान्य आहे. तरीही हे थांबव. मुलींचं ऐकायला संघात एक-दोन जाणत्या बायका हव्यात, महिला संघातून माग. नऊनंतर फोन बंद, आणि हे सगळ्यांना सांगून. अठराच्या आतल्या मुलामुलीशी बंद खोलीत एकट्याने बोलायचं नाही, दार उघडं ठेवायचं, दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर. कॅम्पला गेलात तर पालकांची सही आणि मुलींबरोबर बायका, याशिवाय एसटीत पाऊल ठेवायचं नाही.

आणि ऐकता ऐकता एखाद्या मुलाने वा मुलीने सांगितलं की घरात, शिकवणीत, अगदी चर्चमध्ये कुणी अंगाला हात लावतंय, तर ते मंडळीत मिटवायचं प्रकरण नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलाबाबत असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं हे कळणाऱ्यावर बंधनकारक आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो. 'चर्चची बदनामी होईल' म्हणणारे भेटतील, मला भेटले होते. मी तेव्हा गप्प बसले. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, पण तू गप्प बसू नकोस.

तुझी कोरडी पडलेली प्रार्थना. अरे, तू चार वर्षांत उपासनेला गेलास कधी? माइक चालतो का, कोण आलं नाही, घोषणा कोण करणार, यात तुझा रविवार जातो. महिन्यातला एक रविवार कुठलीही जबाबदारी न घेता शेवटच्या बाकावर आईशेजारी बस. ती खूश होईल. मग कदाचित मुलींचे फोटो दाखवायची घाई थोडी कमी करेल, खात्री देत नाही.

राजीनामा दे. पण नाताळच्या आधी नको, आणि 'मी थकलो' म्हणून चिठ्ठी टाकून तर नकोच. आत्ताच पाळकसाहेबांना आणि कमिटीला सांग की इस्टरनंतर मी सेक्रेटरी राहणार नाही. तोवर एकेक किल्ली हातातून सोड. त्या ९ जणांपासूनच सुरुवात कर. तुझ्यासारखा दुसरा 'मीच' शोधून त्याच्या गळ्यात सगळं घालू नकोस, चार-पाच जणांत वाट. नाताळची कॅरोल फेरी एखाद्या सोळा वर्षांच्या पोराकडे दे. रेल्वे लाइन्सपासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्या घरी कितीला पोचायचं हे त्याने ठरवू दे. तो चुकेल. होटगी रोडच्या एखाद्या घरी रात्री दोनला पोचाल, तिथली आजी करंज्यांचं ताट घेऊन जागी बसलेली असेल आणि वर चार शब्द ऐकवेल. ते शब्द त्याला खाऊ दे, तू मध्ये पडू नकोस. पैशाची पेटी दुसऱ्याकडे दे, पण पावतीवर दोन सह्या ठेव, हे तुला मी काय सांगायचं. वचन सांगायला एखाद्या नर्सिंगच्या मुलीला उभं कर. पाच मिनिटं बोलेल, अडखळेल, आणि तुझ्या चाळीस मिनिटांपेक्षा पोरं तिचं जास्त लक्षात ठेवतील. झोंबेल थोडं. मला झोंबलं होतं.

शनिवारी खुर्च्या लावू नकोस. बाहेर उभा राहा. दहा मिनिटं सगळे उभे राहिले तर राहू देत, कुणीतरी पहिली खुर्ची ओढेलच. कोण ओढतं ते बघून ठेव.

हे सगळं उद्यापासून. आज संध्याकाळी त्या पोराकडे जा, आणि तो कसा आहे ते मला चार ओळीत कळव. संघाचं नंतर लिहिलंस तरी चालेल.